नोंद क्रमांक दोनशे चौदा

१

रविवारी सकाळी साडेआठला जुलेखानं मला हाक मारली. आवाज नेहमीसारखाच होता, म्हणून मी हातातला चहा संपवूनच तिच्या टेबलाशी गेले.

"ताई, दोनशे दहानंतर एकदम दोनशे एकोणीस आलंय."

तिच्यासमोर दुबईच्या खाडीकाठच्या एका जुन्या, कधीच बंद पडलेल्या दवाखान्याची मयतांची नोंदवही होती. १९७७ ते १९७९. मी वही उचलून शिवणीत पाहिलं. एक पान गेलं होतं, आणि ते फाटलं नव्हतं. कोणीतरी ब्लेडनं सरळ रेषेत कापून घेतलं होतं. बाकीच्या पानांच्या कडा चहाच्या रंगाच्या झालेल्या, पण या कापाची कड पांढरी होती. काप ताजा होता, फार तर चार-आठ दिवसांतला.

ही गोष्ट २०२१ च्या फेब्रुवारीतली. कोविडमध्ये नोकऱ्या गेलेल्या लोकांसाठी एका सरकारी खात्यानं सहा महिन्यांचं काम काढलं होतं. जुने कागद साफ करायचे, त्यांची यादी करायची, स्कॅन करून जपून ठेवायचे. शहराच्या टोकाला सिलिकॉन ओएसिसमधला एक रिकामा मजला त्यासाठी घेतला होता. तिथे बंद पडलेल्या हॉटेलांचे मॅनेजर होते, ट्रॅव्हल एजंट होते, एक पायलटसुद्धा होता. मी वीस वर्षं विमा कंपनीत खोटे क्लेम शोधले होते. आता जुन्या वह्यांवरची धूळ शोधत होते.

आमच्या टेबलावर चौघं मराठी. मजल्याचे प्रमुख खलफान साहेब, त्यांनी मुद्दाम तसं केलं होतं, कारण त्या दवाखान्याच्या खोक्यांत कोकणातून लाँचनं आलेल्या माणसांची मराठी पत्रंही निघत होती. वही आधी उल्हासकाकांकडे जायची. ते ब्रशनं ती साफ करायचे, गंजलेल्या टाचण्या काढायचे, प्रत्येक पानाच्या आतल्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं क्रमांक घालायचे आणि वहीच्या स्थितीची एक स्लिप लिहायचे. मग जुलेखा नावं कॉम्प्युटरवर चढवायची, शुभ्रा स्कॅन करायची, आणि शेवटी मी सगळं तपासायची.

खलफान साहेबांनी कापलेली कड पाहिली आणि माझ्याकडे वळले.

"मंजुषा, तुम इन्शुरन्स में यही काम करती थी ना? तुम देखो. पुलिस नहीं चाहिए मुझे. लेकिन कागज चाहिए."

मला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. आठ महिन्यांनी कोणीतरी मला माझं काम दिलं होतं.

२

वही बुधवारी उल्हासकाकांकडे होती. गुरुवारी दुपारी ती जुलेखाकडे गेली. शुक्रवार-शनिवार सुट्टी, मजल्याला कुलूप. म्हणजे विचारायचं होतं तिघांनाच.

आधी शुभ्रा. एकोणतीस वर्षांची, शारजात जन्मलेली, जाहिरात कंपनीतून कमी केलेली डिझायनर. महिन्यापूर्वी तिनं एका जुन्या पाकिटावरच्या तिकिटाचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला होता आणि बोलणी खाल्ली होती.

"आंटी, आय स्वेअर, मी ती वही उघडलीसुद्धा नाही. गुरुवारी फुल डे मी खालच्या मजल्यावर होते, स्कॅनर रिपेअर करणाऱ्या माणसाबरोबर. विचारा त्याला."

मी विचारलं. खरं होतं.

मग उल्हासकाका. त्रेसष्ट वर्षांचे, अल बर्शाला राहणारे, एका फर्निचरच्या शोरूममध्ये हिशेबनीस होते. पंच्याऐंशी साली दुबईत आलो, असं सांगायचे. टेबलावर कोणाचा वाढदिवस असला की सगुणाकाकूंच्या हातचे लाडू तेच आणायचे.

"बुधवारी माझ्या हातून गेली तेव्हा वही ठीक होती," ते म्हणाले. "स्लिप आहे ना."

स्लिप होती. त्यांच्या जुन्या वळणाच्या अक्षरात: 'बांधणी सैल. पाने पूर्ण.' काका कोपरा दुमडलेला असला तरी लिहायचे. अख्खं पान त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

"ती वही गुरुवारी जुलेखाला कशी गेली? तिच्याआधी तीन वह्या होत्या."

काकांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"तिनंच मागितली," ते म्हणाले. "आधी ही द्या म्हणाली."

३

जुलेखा मुकादम चव्वेचाळीस वर्षांची होती, दापोली तालुक्यातल्या हर्णैची. एका शाळेच्या ऑफिसात होती. शाळेनं पटसंख्या घटल्यावर तिला काढलं. आमच्या कामाच्या तात्पुरत्या परवान्यावरच तिचा व्हिसा टिकून होता. हे मला माहीत होतं.

"वही का मागितलीस?"

"अब्बांसाठी," ती म्हणाली.

तिचे वडील हसन मुकादम सत्याहत्तरच्या सप्टेंबरात लाँचनं दुबईला आले, तेव्हा ती आठ महिन्यांची होती. सहा महिने पत्रं आली. अठ्ठ्याहत्तरच्या मार्चनंतर काही नाही.

"गावात म्हणायचे, त्यानं तिकडे दुसरं लग्न केलं. अम्मा काही बोलायची नाही. मयताची खबर नाही, तर विधवेची इद्दत कशी पाळणार? तलाक नाही, तर मोकळी कशी होणार? दोन हजार नऊला गेली ती. तोवर दर ईदेला त्यांचा कुर्ता धुऊन वाळत घालायची." तिनं टेबलावरचा रबर उगाच सरळ केला. "मी इथे आले ना ताई, ते त्यांना शोधायलाच. सापडले तर त्यांच्या दुसऱ्या पोरांसमोर विचारायचं होतं, का गेलात म्हणून. म्हटलं, मयतांच्या वहीत एकदा बघून घ्यावं. त्या मार्चचं पान बघायला गेले, तर पानच नाही."

आमच्या विमा कंपनीत एक शिकवण होती: जो आधी ओरडतो, त्याच्याकडे आधी बघा. जळालेल्या गोदामाची बातमी मालकच पहिल्यांदा देतो. वीस वर्षांत ती शिकवण मला पुष्कळदा उपयोगी पडली होती. मी जुळवून पाहिलं. वही जुलेखानं मागून घेतली. तिच्याकडे आली तेव्हा पानं पूर्ण होती, तशी लेखी स्लिप होती. पान नेमकं तिला हवं असलेल्या महिन्याचं होतं. बापाचं नाव सापडलं असेल, आणि त्याची जगातली एकमेव खूण म्हणून तिनं ते पान घेतलं असेल. मला तिचा रागही आला नव्हता. मी तिच्या जागी असते तर मीही घेतलं असतं, असंच वाटलं.

"जुलेखा, पान परत दे. मी साहेबांना सांभाळून घेईन."



"मी कापलं असतं तर तुम्हाला बोलावलं असतं का, ताई?"

मी अहवालात लिहिलं: वही शेवटची यांच्या ताब्यात होती, आणि पानाशी त्यांचा वैयक्तिक संबंध आहे. दोनच ओळी. त्याच दुपारी खलफान साहेबांनी तिला कामावरून काढलं. पोलिसांत दिलं नाही, एवढीच दया. तीस दिवसांत देश सोडायचा होता.

घरी, डिस्कव्हरी गार्डन्सला, जेवताना मी हे सांगितलं. माझा नवरा सतीश म्हणाला, "वाईट झालं." दियानं फोनमधून डोकं वर काढलं.

"मॉम, दॅट्स नॉट प्रूफ. दॅट्स जस्ट अ स्टोरी."

मी तिला भात वाढला आणि विषय बदलला.

४

वही चौकशीसाठी खलफान साहेबांच्या कपाटात बंद होती. ती पाच आठवड्यांनी, मार्चच्या अखेरीस, आमच्याकडे परत आली. आता फक्त स्कॅन व्हायची राहिली होती. शुभ्रानं पानं काचेखाली सपाट दाबली आणि दहा मिनिटांत उठून माझ्याकडे आली.

"आंटी, मिसिंग पानाचा नंबर काय लिहू?"

"म्हणजे?"

"पेन्सिलचे नंबर बघा ना. दोनशे दहा नंबरची नोंद आहे ते पान त्रेपन्न. दोनशे एकोणीसवालं पान चोपन्न. मध्ये काही नाहीच. नंबर्स आर कंटिन्युअस."

मी खुर्चीतून उठले ती थेट स्कॅनरपाशी. शिवणीजवळच्या कोपऱ्यात, वही घट्ट दाबल्याशिवाय दिसणार नाही इतक्या फिक्या पेन्सिलीत, त्रेपन्न. आणि समोर चोपन्न. मी त्या दिवशी फक्त शाईतले नोंदींचे आकडे पाहिले होते. हे पाहिलेच नव्हते.

"कोणी खोडून परत लिहिले असतील?" शुभ्रानं विचारलं.

चोपन्नपासून वहीच्या शेवटापर्यंत साठेक पानं होती. स्कॅनरच्या प्रखर दिव्याखाली एकाही कोपऱ्यावर खोडल्याची खूण नव्हती. गुरुवारी जुलेखाकडे वही जेमतेम तासभर होती.

मी खाली बसले. काकांनी क्रमांक घातले बुधवारी. तेव्हा पान जागेवर असतं, तर ते चोपन्न झालं असतं आणि कापल्यावर एक आकडा गळला असता. आकडा गळला नव्हता. म्हणजे क्रमांक घालण्याआधीच पान गेलेलं होतं. आणि तरीही त्याच दिवशी, त्याच हातानं लिहिलेली स्लिप सांगत होती: पाने पूर्ण.

त्याच स्लिपवर विसंबून मी जुलेखाला घालवलं होतं.

"जुलेखाचं फ्लाइट कधी आहे?" मी विचारलं.

 शुभ्रा हळूच म्हणाली, "आंटी, ती मंडेलाच गेली."

५

काकांकडे जाण्याआधी मला कळायला हवं होतं, त्या पानावर होतं तरी काय. एकदा अंदाजावर माणूस घालवला होता. परत तसं करायचं नव्हतं.

शुभ्रालाच सुचलं. "शाई ओली असताना कोणी वही बंद केली असेल तर समोरच्या पानावर छाप पडतो ना?"

चोपन्न क्रमांकाच्या पानावर खरंच पुसट तपकिरी रेघा होत्या. मला त्या ओलीचे डाग वाटले होते. शुभ्रानं त्याचा फोटो स्क्रीनवर घेतला, उलटा फिरवला, रंग गडद केला. इंग्रजी अक्षरं हळूहळू वर आली. नोंद क्रमांक दोनशे चौदा. दत्ताराम पवार, मजूर. लाँचवरील आग. चौदा मार्च १९७८. आणि शेजारी समासात, वेगळ्या जाड शाईत, घाईघाईनं लिहिलेले दोन मराठी शब्द.

'हसन. हर्णै.'

शुभ्रानं तोंडावर हात ठेवला. मी मात्र त्या दुसऱ्या शब्दाकडे बघत होते. त्यातला रफार बहुतेक लोक आकड्यासारखा वर टेकवतात तसा नव्हता. तो आधीच्या अक्षरातून निघून, एक छोटी गाठ मारून मग 'ण'वर उतरत होता. मी काकांची स्लिप शेजारी धरली. 'पूर्ण'. तीच गाठ, तसाच उतरलेला 'ण'.

पंच्याऐंशी साली दुबईत आलेल्या माणसाचं अक्षर अठ्ठ्याहत्तरच्या वहीत होतं.

६

शनिवारी सकाळी दहाला मी अल बर्शाला गेले. सगुणाकाकूंनी दार उघडलं, पोहे खाणार का विचारलं. मी स्लिप आणि शुभ्रानं काढलेलं चित्र काकांसमोर ठेवलं. त्यांनी चित्राला हातही लावला नाही. उठून आत गेले आणि एक प्लास्टिकचं फोल्डर घेऊन आले. पान त्यात होतं.

"मला वाटलंच होतं तू येशील," ते म्हणाले. "मला वाटलं, लवकर येशील."

सत्याहत्तरला, एकोणीस वर्षांचे असताना, तेही लाँचनंच आले होते. कागदपत्रं काही नव्हती. इंग्रजी लिहिता यायचं म्हणून दवाखान्यात नोंदी लिहायला ठेवलं. मार्चमध्ये खाडीत एका लाँचवर डिझेलच्या पिंपानं पेट घेतला. दोन मजूर आणले. एक ओळखू येणार नाही इतका भाजून मेलेला. दुसरा बेशुद्ध होता, त्याला मोठ्या इस्पितळात नेलं. मेलेल्याच्या शर्टाच्या खिशात अर्धवट जळालेला कागद होता: दत्ताराम पवार.

"मी तेच नाव लिहिलं. पुढचं सगळं त्या नावावर झालं. तीन आठवड्यांनी तो दुसरा शुद्धीवर येऊन दवाखान्यात आला. म्हणाला, दत्ताराम मी. माझा शर्ट त्या दिवशी हसननं घातला होता. त्याचा धुतलेला वाळला नव्हता. हर्णैचा होता, एवढंच ठाऊक, तुम्ही लिहिणारे आहात, त्याच्या घरी लिहा. मी त्याच्यासमोर समासात लिहून घेतलं. वही मिटली आणि ठरवलं, उद्या पत्र टाकायचं."

"मग का नाही टाकलंत?"

काकांनी फोल्डर माझ्याकडे सरकवलं. दोनशे चौदाच्या शेवटच्या रकान्यात, त्यांच्याच अक्षरात, अंत्यविधीपुढे एक शब्द होता. दहन.

मला क्षणभर समजलं नाही. मग समजलं. पवार म्हणून लिहिलेल्या माणसाला हिंदूंच्या स्मशानात नेलं होतं.

"मुसलमान माणूस, मंजुषा. त्याच्या घरी काय लिहू? तुमचा माणूस गेला, आणि माझ्या चुकीनं त्याला जाळला? कबर दाखवा म्हणाले असते तर? कोणी चौकशी केली असती तर मी बिनकागदाचा होतो. उद्या लिहू, परवा लिहू. वर्षभरानं मी गावी परतलो. वाटलं, संपलं."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. सगुणाकाकू दारात उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्याही हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"आणि त्रेचाळीस वर्षांनी ती माझ्याच टेबलावर बसली. डबा खाताना अब्बांच्या गोष्टी सांगायची. बुधवारी वही माझ्या हातात आली. वाटलं, हे हिला स्क्रीनवर वाचायला लागू नये. मी कापून घेतलं. देव शपथ, तिला स्वतःच्या हातानं द्यायचं होतं. सगळं सांगून. गुरुवारी तिनं वही मागितली तेव्हाच सांगणार होतो. रविवारी सांगणार होतो. आणि रविवारी तू चौकशीला बसलीस."

"ती गेली त्या दिवशी तुम्ही समोर होतात, काका."

"होतो," ते म्हणाले. "तेव्हाही बोललो नाही."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण तो दोन ओळींचा अहवाल माझा होता, त्यांचा नव्हता.

सगुणाकाकू पुढे आल्या. टेबलावरचा काकांचा फोन उचलून त्यांच्या हातात दिला.

"लावा," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर लावा."

७

जुलेखा व्हिडिओवर आली तेव्हा अंगणात होती. मागे कोणाचीतरी जाळी वाळत घातलेली दिसत होती. काकांना पाहून ती हसली. तिला वाटलं, निरोप द्यायला फोन केलाय.

काकांनी सगळं सांगितलं. थांबत, अडखळत, पण काही गाळलं नाही. दहनाचंही सांगितलं. पान कॅमेऱ्यासमोर मी धरलं.

 काकांचं संपल्यावर फोन जुलेखानं मांडीवर ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं आभाळ आणि पत्र्याची एक कड दिसत होती. मग तिचा आवाज आला.

"तारीख काय म्हणालात?"

"चौदा मार्च. अठ्ठ्याहत्तर."

"शेवटचं पत्र दहाचं होतं," ती म्हणाली. "म्हणजे ते कुठे गेलेच नव्हते."

काका रडू लागले. "पोरी, मला माफ..."

"काका, आज नको." तिचा आवाज वर गेला नाही. "आज मला काही विचारू नका."

मी फोन घेतला. खलफान साहेबांना मी आजच सगळं लिहून देते, तुझं नाव स्वच्छ होईल, परत बोलावण्याचं पत्रही निघेल, असं मी सांगत सुटले. तिनं मला बोलू दिलं.

"माझी चूक झाली, जुलेखा," मी शेवटी म्हणाले.

"हो," ती म्हणाली. "झाली."

आणि तिनं फोन ठेवला.

पुढचं थोडक्यात सांगते. पान वहीत परत गेलं. खलफान साहेबांनी काकांचा जबाब त्याला जोडला आणि त्यांना कामावरून कमी केलं. फक्त मानेनं दार दाखवलं. जुलेखाला परत बोलावणारं पत्र गेलं. तिनं ते नाकारलं. यादीत दोनशे चौदा क्रमांकापुढे आता नाव आहे: हसन इब्राहिम मुकादम, हर्णै. ते मी स्वतः टाइप केलं आणि तीन वेळा तपासलं.

त्या फोननंतरच्या शुक्रवारी दुपारी मला एक कॉल आला. जुलेखाचा. तिनं नुसता फोन उघडा धरला होता. मशिदीच्या भोंग्याची खरखर आली आणि मागून एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज. जुम्याच्या नमाजानंतर हसन इब्राहिम मुकादम यांची गायबाना नमाज पढली जाईल, ज्यांना शक्य आहे त्यांनी थांबावं. मयत समोर नसताना पढतात ती नमाज. त्यानं ते नाव दोनदा घेतलं. मग चपलांचे आवाज, एकमेकांना सरकून जागा करून देणाऱ्या माणसांचे आवाज.

"थांबलेत," जुलेखा म्हणाली. "पुष्कळ जण थांबलेत, ताई."

तिला रडू येत होतं. मी डिस्कव्हरी गार्डन्सच्या बाल्कनीत उभी होते. ती फोन बंद करेपर्यंत तशीच उभी राहिले.